शेजारच्या टेबलावरचं नेट गेलंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटी विभागात नसूनही ज्यांना दिवसातून दोनदा ‘जरा बघतोस का, माझं नेट गेलंय’ ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी हे पान. प्रश्न तुमचेच आहेत. तेच तेच पुन्हा यायला लागले म्हणून एका जागी आणले. उदाहरणं मुख्यतः विंडोजची आहेत, मॅकमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलंय. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

१. सहकारी म्हणतो ‘नेट गेलंय’. सगळ्यात आधी काय बघू?

कीबोर्डला हात लावू नका. आधी विचारा, ‘म्हणजे नक्की काय होत नाहीये?’ ‘नेट गेलंय’ या दोन शब्दांत लोक काहीही कोंबतात: मेल येत नाही, एकच साइट उघडत नाही, शेअर्ड फोल्डर दिसत नाही. मी एकदा चांगली पंधरा मिनिटं टेबलाखाली केबल चाचपत बसलो होतो. शेवटी कळलं, त्यांचं ‘नेट’ म्हणजे प्रिंटर होता.

दुसरा प्रश्न, ‘शेवटचं कधी चाललं आणि त्यानंतर काय बदललं?’ याचं उत्तर बहुतेक वेळा ‘काहीच नाही’ असं येतं. ते तिथेच सोडू नका. जागा बदलली का, पासवर्ड बदलला का, अपडेट झालं का, लॅपटॉप घरी नेला होता का, असं एकेक नाव घेऊन विचारलं की आठवतं. निम्मं काम इथेच होतं.

२. फक्त त्याचंच गेलंय की सगळ्यांचं, हे खात्रीने कसं ओळखायचं?

तुलना करताना सारख्याची सारख्याशी करा. खिशातून फोन काढून ‘माझं तर चालतंय’ म्हणणं ही सर्रास होणारी चूक, कारण फोन मोबाइल डेटावर असतो. आधी मोबाइल डेटा बंद करा, तेच वाय-फाय जोडा आणि मग बघा. तो केबलवर आणि बाकीचे वाय-फायवर असतील तर त्यांचं चालण्यावरून त्याच्याबद्दल काहीच ठरत नाही. केबलवरचा दुसरा कुणीतरी शोधा.

सगळ्यांचंच गेलं असेल तर त्याच्या कॉम्प्युटरला हात लावायचं कारणच उरत नाही. दोष राउटरमध्ये, मधल्या स्विचमध्ये (सगळ्यांच्या केबल जिथे येऊन मिळतात तो डबा) किंवा बाहेरच्या लाइनवर आहे. अशा वेळी सेटिंग उचकटून ठेवल्या, तर लाइन परत आल्यावरही त्या बिचाऱ्याचं नेट बंदच राहतं आणि दोष तुमच्या माथी येतो.

३. सरळ रीस्टार्ट करूनच टाकू का?

करा, पण तीन गोष्टी आधी. त्याचं उघडं काम सेव्ह करून घ्या, आणि ते त्यालाच करू द्या. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा आकडी पत्ता, काय दिसतोय तो टिपून ठेवा (प्रश्न ८), कारण रीस्टार्टनंतर पुरावा पुसला जातो आणि उद्या तेच झालं तर तुम्ही परत शून्यावर. तिसरी गोष्ट, ‘रीस्टार्ट’च निवडा.

‘मी बंद करून चालू केलं होतं’ यावर विसंबू नका. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअर चालवायला लागणारा प्रोग्राम) अडकलेलाच राहतो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

४. कोपऱ्यातल्या चिन्हावर ‘इंटरनेट नाही’ येतंय, पण साइट उघडतायत. कोणाचं खरं मानायचं?

साइटचं. विंडोज स्वतःहून मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून छोटीशी मजकूर फाइल मागवून बघतं. आत ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. ते जसेच्या तसे आले तर इंटरनेट आहे, नाहीतर नाही, असा त्याचा सरळ हिशेब. ऑफिसच्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याने, तो पत्ता अडवला असेल तर चिन्ह उगाच रडत बसतं. विमानाचं चिन्ह दिसलं तर मात्र ते खरंच आहे: फ्लाइट मोड बंद करा.

५. केबल तर लावलेली दिसतेय. तरी बघायची का?

दिसतेय म्हणजे बसलीय असं नाही. दोन्ही टोकं काढून परत लावा. ‘टक्’ असा आवाज यायला हवा. प्लास्टिकची ती चिमुकली पट्टी तुटलेली असेल तर केबल खाचेत राहते पण घट्ट बसत नाही, आणि टेबलाला धक्का लागला की सुटते. मग पोर्टजवळचे दिवे बघा. एकही दिवा नाही म्हणजे पलीकडून काहीच येत नाहीये. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही. (काही लॅपटॉपना आणि डॉकना, म्हणजे लॅपटॉपला जास्तीचे पोर्ट देणाऱ्या डब्यांना, दिवेच नसतात, तेव्हा सेटिंगमध्ये ‘नेटवर्क केबल अनप्लग्ड’ येतंय का ते पाहा.)

पक्की परीक्षा म्हणजे अदलाबदल. शेजारच्याची चालू केबल याच्या कॉम्प्युटरला लावा. चालली तर दोष जुन्या केबलमध्ये किंवा भिंतीतल्या पोर्टमध्ये. नाही चालली तर कॉम्प्युटरच्या बाजूला. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल आणि पोर्ट एकदम बदललं तर कशामुळे चाललं ते कळत नाही.

अर्धवट तुटलेली केबल जास्त फसवते. आत आठ तारा असतात. गिगाबिट वेगाला आठही लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तुटली तर नेट जात नाही, अनेकदा नुसतं मंदावतं, आणि अ‍ॅडॅप्टरच्या (कॉम्प्युटरला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाच्या) स्टेटसमध्ये १ जीबीपीएसच्या जागी १०० एमबीपीएस दिसतं. आमच्याकडे एका ताईंचं नेट फक्त त्या टेबलाजवळ सरकून बसल्या की जायचं. खुर्चीचं चाक बरोबर केबलवर येत होतं.

टेबलावरच्या फोनमधून कॉम्प्युटरला केबल गेली असेल तर फोनला वीज आहे ना ते बघा. फोन बंद पडला की मागचा कॉम्प्युटरही बंद. लॅपटॉप डॉकला लावलेला असेल तर डॉकची वायर काढून, डॉकची वीज अर्धा मिनिट बंद करून परत लावा.

६. वाय-फाय यादीत दिसतं, पण जोडलं जात नाही. पासवर्ड बरोबर आहे म्हणतो.

पासवर्ड बदलला असेल आणि कॉम्प्युटर जुनाच पाठवत असेल, ही पहिली शंका. त्या नेटवर्कवर ‘फरगेट’ करून परत जोडा. पासवर्ड त्यालाच टाकू द्या, तुम्ही तोंड फिरवा. ज्या ऑफिसात प्रत्येकाचं वेगळं लॉगिन वाय-फायला लागतं, तिथे तो पासवर्ड म्हणजे त्याच्या मेलचाही असतो.

एवढ्याने झालं नाही तर दोन आडवळणाच्या शक्यता. काही ऑफिसांत ठरावीक उपकरणांनाच प्रवेश असतो आणि ती मॅक अ‍ॅड्रेसवरून (अ‍ॅपलच्या मॅकशी संबंध नाही, हा प्रत्येक उपकरणाचा हार्डवेअर क्रमांक) ओळखली जातात. विंडोजमध्ये ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस’ चालू असेल तर कॉम्प्युटर खोटं नाव सांगतो आणि दारातूनच परत पाठवला जातो. दुसरी शक्यता चुकलेल्या घड्याळाची, ती प्रश्न १२ मध्ये.

७. वाय-फायचं बटणच गायब झालंय.

आधी कीबोर्डवरची फ्लाइट मोडची कळ, काही लॅपटॉपना कडेला असलेला खटका. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ उघडा. अ‍ॅडॅप्टरवर खाली जाणारा बाण असेल तर तो कुणीतरी बंद केलाय, ‘एनेबल’ करा. पिवळं चिन्ह असेल तर ड्रायव्हर बिघडलाय.

ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा, हा पेच यूएसबी टेदरिंगने, म्हणजे फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला देऊन, सुटतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोजला तो केबलच्या नेटसारखा दिसतो. चार्जिंगपुरती असलेली केबल इथे चालत नाही.

८. आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय. हे काय प्रकरण आहे?

आयपी बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची काळी खिडकी) ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की तिथेच दिसतो.

नेटवर्कला जोडल्यावर कॉम्प्युटर ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारतो. ती ऐकून पत्ता देणाऱ्या यंत्रणेला डीएचसीपी म्हणतात. बहुतेक वेळा ती राउटरमध्येच असते. कुणीच ओ दिली नाही तर कॉम्प्युटर १६९.२५४ च्या पट्ट्यातला एक पत्ता स्वतःच घेऊन बसतो. तेव्हा हा आकडा दिसला की समजा: हाक मारली गेली, उत्तर आलं नाही. या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही.

‘आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज’ आणि मग ‘आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू’ करून बघा. तेच आलं तर तीच केबल दुसऱ्या लॅपटॉपला लावा. त्यालाही १६९.२५४ मिळाला तर कॉम्प्युटर निर्दोष, भिंतीपलीकडे काहीतरी आहे. दुसऱ्याला नीट पत्ता मिळाला तर याच्या कॉम्प्युटरवरचं अँटीव्हायरस किंवा फायरवॉल हाक अडवत असू शकतं.

वाय-फायवर आणखी एक कारण निघतं, ते म्हणजे पत्ते संपणं. नेहमीच्या छोट्या नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त २५४ पत्ते वाटता येतात, आणि राउटरमध्ये बरेचदा त्याहून कमीच ठेवलेले असतात. मोठी बैठक असली, प्रत्येकाचा लॅपटॉप, फोन आणि घड्याळ जोडलं गेलं, की उशिरा आलेल्याला पत्ता उरत नाही.

९. पिंग कोणाला करायचा आणि उत्तराचा अर्थ काय लावायचा?

पिंग म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का ते बघणारी कमांड. जवळून लांब जायचं. पहिला पिंग गेटवेला (बाहेर जायचं दार, बहुतेक वेळा राउटरच), म्हणजे ‘आयपीकॉन्फिग’मध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जो आकडा आहे त्याला. तो पोचला तर कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंतचा रस्ता ठीक. दुसरा पिंग ८.८.८.८ ला, ही गूगलची सार्वजनिक डीएनएस (साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी) सेवा, २००९ पासून चालू आहे आणि आकडा लक्षात राहतो म्हणून सगळे हीच वापरतात. तो पोचला तर बाहेरची लाइन ठीक. तिसरा पिंग एखाद्या साइटच्या नावाला. पुस्तकांत याआधी १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःलाच पिंग करायला सांगतात. तो जवळपास नेहमीच पोचतो, मी करत नाही.

‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं कॉम्प्युटरच्या स्वतःच्याच आयपीकडून आलं तर निरोप उंबऱ्याबाहेरही पडलेला नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे गेला, पण उत्तर परतलं नाही. काही ऑफिसांत पिंग मुद्दाम अडवलेला असतो, म्हणून न पोचणं हा एकटा पुरावा धरू नका. चालू असलेल्या कॉम्प्युटरवरून तोच पिंग करून ताडा.

पिंग हा प्रोग्राम माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिला. पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव पडलं.

१०. ८.८.८.८ ला पिंग जातो, पण एकही साइट उघडत नाही.

रस्ता आहे, पत्ता सांगणारा नाही. साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारं डीएनएस कोलमडलंय. ‘आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस’ने जुन्या नोंदी पुसा. फरक नाही पडला तर ‘एनएसलुकअप’ आणि पुढे साइटचं नाव टाइप करा, मग तेच नाव ८.८.८.८ ला विचारा (त्याच कमांडच्या शेवटी ८.८.८.८ जोडून). दुसऱ्यांदा उत्तर आलं तर ऑफिसच्या डीएनएसमध्ये घोळ आहे.

आता कुणीतरी सुचवेलच, ‘मग सेटिंगमध्ये ८.८.८.८ टाकून मोकळा हो.’ घरी ठीक आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तसं ठेवू नका. फाइल सर्व्हर, प्रिंटर, हजेरीची साइट यांची नावं फक्त ऑफिसच्या डीएनएसला माहीत असतात. बाहेरच्या साइट उघडतील आणि आतलं सगळं बंद पडेल, तेही दोन दिवसांनी लक्षात येईल, जेव्हा तुम्ही काय बदललं होतं ते विसरलेले असाल.

११. व्हॉट्सअ‍ॅप चालतं, मेल येते, फक्त ब्राउझर रुसलाय.

दुसरा ब्राउझर उघडून बघा. तोही नाही चालला तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’खाली ‘प्रॉक्सी’ (ब्राउझरची वाहतूक ज्याच्यामार्फत जाते तो मध्यस्थ) बघा. क्रोम आणि एज तिथली सेटिंग पाळतात, फायरफॉक्सला स्वतःची वेगळीही ठेवता येते. म्हणून कधी कधी एकच ब्राउझर चालतो आणि सगळे बुचकळ्यात पडतात.

दुसऱ्या ऑफिसात किंवा ग्राहकाकडे गेल्यावर टाकलेला प्रॉक्सी परत आल्यावर तसाच राहिलेला असतो. प्रॉक्सीच्या जागी १२७.०.०.१ दिसलं आणि त्याला काहीच माहीत नसेल तर सावध व्हा: कुठलातरी आगंतुक प्रोग्राम सगळी वाहतूक स्वतःमधून वळवत होता, असा एक अर्थ निघतो. काही अधिकृत सुरक्षा प्रोग्रामही असं करतात, त्यामुळे स्वतः न पुसता आयटीला दाखवा.

व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा) बंद केल्यावर नेट गेलं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘किल स्विच’ आहे का पाहा. व्हीपीएन नसताना सगळं नेट तोडणं हेच त्याचं काम आहे.

१२. प्रत्येक साइटवर ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ येतंय.

घड्याळ बघा. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटर २०१५ मध्ये अडकला असेल तर आजची सगळी प्रमाणपत्रं त्याला ‘अजून सुरूच न झालेली’ वाटतात. तारीख दुरुस्त करूनही बंद-चालू केल्यावर पुन्हा चुकत असेल तर आतली छोटी बॅटरी संपलीय. डेस्कटॉपमध्ये ती साधारणपणे सीआर२०३२ असते. एकाच साइटवर असं येत असेल तर घड्याळाचा दोष नाही, आणि इशारा डावलून पुढे जाऊ नका.

१३. पाहुण्यांच्या वाय-फायला जोडलंय, पण काही उघडत नाही.

लॉगिनचं पान आलेलं नाही. ते पान सुरक्षित साइटच्या मध्ये घुसू शकत नाही, म्हणून ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा किंवा ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा साधा पत्ता टाका. व्हीपीएन चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा.

१४. नेट मधूनच जातं, मी गेलो की नेमकं चालू असतं.

सगळ्यात चिकट प्रकार हाच. त्याला वेळा लिहून ठेवायला सांगा. ‘सारखं जातं’ यापेक्षा ‘११:१०, १:३५, १:५०’ यातून जास्त कळतं. फक्त जेवणाच्या सुट्टीत वाय-फाय जात असेल तर मायक्रोवेव्हचा विचार करा. तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडलं की भांडण मिटतं. कॉम्प्युटर थोडा वेळ पडून राहिल्यावर जात असेल तर अ‍ॅडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. रोज ठरावीक तासांनी जात असेल तर पत्त्याची मुदत संपतेय का ते पाहा; ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’मध्ये ‘लीज एक्स्पायर्स’समोर वेळ असते.

माझी आवडती युक्ती: दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडायच्या. डावीत गेटवेला, उजवीत ८.८.८.८ ला अखंड पिंग (विंडोजमध्ये ‘पिंग’नंतर ‘मायनस टी’, मॅकवर तो आपणहून चालूच राहतो). मग आपापल्या कामाला लागायचं. पुढच्या वेळी नेट गेलं की डावी खिडकी अडखळली की फक्त उजवी, एवढंच त्याने बघायचं. दोन्ही थांबल्या तर दोष राउटरच्या अलीकडे, फक्त उजवी थांबली तर पलीकडे.

वाय-फाय असेल तर ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही कमांड गेल्या तीन दिवसांत कधी आणि का तुटलं याचा तक्ता काढून देते. अ‍ॅडमिन हक्क लागतात.

१५. आयपी मिळालाय, पण सगळ्यांपेक्षा वेगळाच आहे.

सगळ्यांचे १० ने सुरू होतात आणि याचा १९२.१६८ ने, असं असेल तर दोन गोष्टी तपासा. त्याने घरी कधी आयपी हाताने भरला होता का? ‘आयपी असाइनमेंट’ परत ‘ऑटोमॅटिक’ करा. ते आधीच ऑटोमॅटिक असेल तर ऑफिसात कुणीतरी पत्ते वाटणारं दुसरं दुकान उघडलंय. आमच्याकडे एकाने वाय-फाय कमी पडतं म्हणून घरचा राउटर आणून टेबलाखाली लावला होता. ज्याची हाक त्या राउटरने आधी ऐकली, त्याला चुकीचा पत्ता मिळायचा. म्हणून रोज सकाळी नेट जाणारा माणूस वेगळा! ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’मध्ये ‘डीएचसीपी सर्व्हर’समोरचा आकडा चालू कॉम्प्युटरशी ताडून बघितला आणि चोर सापडला.

१६. ‘नेटवर्क रीसेट’ दाबू का?

शेवटी, आणि त्याला सांगून. जतन केलेले वाय-फाय पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं, हाताने भरलेल्या सेटिंग पुसल्या जातात. आधी ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’चा फोटो काढून ठेवा. कंपनीचं व्हीपीएन परत बसवायचे हक्क तुम्हा दोघांकडे नसतील तर दाबूच नका.

१७. सहकारी घरून काम करतोय, मला फोनवरूनच सांगायचंय.

त्याला फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यावर जोडायला सांगा. जोडला गेला आणि साइट उघडल्या तर लॅपटॉप बहुधा ठीक, घरचा राउटर किंवा लाइन बघायची. शिवाय नेट आल्यामुळे आता स्क्रीन शेअर करता येतो. ‘सगळं बरोबर आहे ना?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘राउटरवर कोणकोणते दिवे आहेत, कोणत्या रंगाचे, वाचून दाखव’ असं विचारा. त्याहून बरं, फोटो मागवा.

१८. आयटीकडे कधी द्यायचं आणि काय लिहायचं?

अ‍ॅडमिन पासवर्ड लागला, एकाहून जास्त लोकांना त्रास आहे, किंवा प्रश्न ११ आणि १५ सारखं संशयास्पद दिसलं, की थांबा. ‘नेट चालत नाही, तातडीने बघावे’ एवढ्यावर त्यांनाही काही करता येत नाही. असं लिहा: ‘सकाळी १०:२० पासून केबलवर नेट नाही. पोर्टचा दिवा लागतो. आयपी १६९.२५४ ने सुरू होतो. तीच केबल दुसऱ्या लॅपटॉपला लावली, तिथेही तेच. शेजारच्या पोर्टवर दोन्ही लॅपटॉप चालतात. भिंतीवरच्या पोर्टचा क्रमांक सोबतच्या फोटोत. सेटिंग काहीही बदललेली नाही.’ हे वाचणारा माणूस बहुधा जागेवरूनच स्विच बघेल.

१९. मी नुसता जाऊन उभा राहिलो आणि नेट आपोआप सुरू झालं. असं का होतं?

केबल हलली, पत्त्याचं नूतनीकरण झालं, लॅपटॉपने लांबचं वाय-फाय सोडून जवळचं पकडलं, किंवा तुम्ही चालत येईपर्यंत राउटरच रीस्टार्ट होऊन आला. ‘झालं बघ’ म्हणून निघू नका. वेळ आणि त्या क्षणाचा आयपी लिहून ठेवा, आणि प्रश्न १४ मधल्या दोन खिडक्या उघड्या ठेवूनच जागेवर परता.